जुन्या होम कॉम्प्युटरला साजेसा पडदा: जळगाव-धुळ्याकडे कुठे शोधायचा, कसा पारखायचा

चोपड्याचे एक दादा मागच्या एप्रिलमध्ये दुकानात आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला झेडएक्स स्पेक्ट्रम, ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर. रबराच्या राखाडी चाव्या, उजव्या कोपऱ्यात तिरक्या रंगीत पट्ट्या. त्यांचे काका इंग्लंडात नोकरीला होते, त्यांनी सुट्टीवर येताना आणलेला. दादांनी तो घरच्या त्रेचाळीस इंची नव्या टीव्हीला जोडून पाहिला, तासभर रिमोट दाबत बसले, पडद्यावर काही उमटलं नाही. "ताई, हा गेलेला दिसतो. यातलं सुटं सामान तुमच्या कामाचं असेल तर ठेवून घ्या," म्हणाले.

मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि कोपऱ्यातला चौदा इंची रंगीत टीव्ही टेबलावर घेतला. साधारण १९९५ च्या आसपासचा, गोल काचेचा. स्पेक्ट्रमची वायर अँटेनाच्या भोकात घातली आणि यूएचएफ पट्ट्यात, म्हणजे वरच्या चॅनलांच्या पट्ट्यात, हाताने चॅनल पुढे सरकवत गेले. मुंग्या, मुंग्या, एक आडवी काळी पट्टी, पुन्हा मुंग्या, आणि मग एकदम पांढरंशुभ्र पान. तळाला एक ओळ: सिंक्लेअर रिसर्च, १९८२. दादा खुर्चीतून उठून उभेच राहिले. त्यांच्या हातचा चहा तसाच थांबला.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुकान चालवताना मला असे तीन-चार तरी कॉम्प्युटर दिसले, जे नव्या टीव्हीवर दिसत नाहीत म्हणून भंगारात निघाले होते. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते. माझे वडील, अण्णा, अमळनेरला चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करायचे. निम्मं ज्ञान त्यांचं आहे, उरलेलं मी हात भाजून घेऊन मिळवलेलं. तसं पाहिलं तर अमळनेरचा कॉम्प्युटरशी संबंध जुनाच. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली आणि तिने कॉम्प्युटरही बनवले.

पडदा शोधायला निघायच्या आधी कॉम्प्युटर उलटा करा आणि त्याची पाठ बघा. काय विकत घ्यायचं ते तिथे ठरतं.

एकच गोल भोक, त्यातून अँटेनासारखी वायर, म्हणजे आरएफ. स्पेक्ट्रमचं असंच आहे. तो आतल्या आत स्वतःचं छोटं प्रसारण केंद्र चालवतो, इंग्लंडच्या यूएचएफ चॅनल ३६ वर, म्हणजे साधारण ५९१ मेगाहर्ट्झवर. इथे आपल्याकडे पहिली अडचण येते. आपले जुने ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही बहुतेक व्हीएचएफवालेच, म्हणजे खालच्या पट्ट्याचे, दूरदर्शनपुरते. त्यांच्या ट्यूनरला चॅनल ३६ सापडणारच नाही, कितीही फिरवा. नव्वदच्या दशकात केबल आल्यावर जे रंगीत टीव्ही आले त्यांत यूएचएफ असतं. आणि अगदी नव्या टीव्हीचा ऑटो सर्च असा जुना, जरासा थरथरणारा सिग्नल ओलांडून पुढे निघून जातो. दादांच्या घरी तेच झालं होतं.

गोल, पाच-सहा-आठ पिनांचं सॉकेट असेल तर ते डिन. कमोडोर ६४ या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरच्या मागे आठ पिनांचं असतं. यातून नुसता एव्ही सिग्नल, म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटात जाणारा, तर मिळतोच, पण उजेडाचा आणि रंगाचा सिग्नल वेगवेगळाही मिळतो, म्हणजे एस-व्हिडिओसारखा. हा मोठा फायदा आहे, कारण दोन्ही एकत्र मिसळले की अक्षरांच्या कडेला रंगाच्या मुंग्या चालतात. दोन हजार सालानंतरच्या चपट्या काचेच्या बऱ्याच टीव्हींना एस-व्हिडिओचं छोटं गोल सॉकेट होतं. कमोडोर असेल तर असाच टीव्ही धरा. केबल करताना रंगाच्या तारेत तीनशे ओहमच्या आसपासचा एक रेझिस्टर टाका. कमोडोरचा रंग-सिग्नल जरा जोरकस असतो, रेझिस्टर नसेल तर रंग भडक होऊन फाटतात.

बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरच्या मागे तीन वाटा: आरएफ, बीएनसीवर (पिळून बसवायचं गोल सॉकेट) व्हिडिओ आणि सहा पिनांच्या डिनवर आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळा. हा कॉम्प्युटर आपल्या भागात कुणाच्या शाळेच्या अडगळीत निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायला 'क्लास' प्रकल्प सुरू केला, त्यात हाच होता, आणि सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची देशी आवृत्ती एससीएल युनिकॉर्न नावाने काढली होती. शाळेच्या कपाटात तो निघाला तर आधी मुख्याध्यापकांशी बोला, तो जपण्याची विनंती करा. त्याच्या बीएनसीवर कारखान्यातून निघताना काळा-पांढराच सिग्नल असतो. रंग येत नाही म्हणून पडद्याला दोष देऊ नका, आत बोर्डावर एस३९ नावाची जोडणी केली की रंग येतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली मशीन वेगळी. ती एनटीएससी पद्धतीची (आपली टीव्ही-पद्धत पाल), सेकंदाला ६० चित्रं आणि वीज ११० व्होल्ट. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पडद्याच्या मागच्या लेबलवर 'पाल' बरोबर 'एनटीएससी' छापलेलं हवं. नुसत्या पालच्या टीव्हीवर चित्र रंगाशिवाय येईल आणि वरखाली धावेल.

आता एक आकडा लक्षात ठेवायचा आहे, बाकी सगळे विसरलात तरी चालतील: १५.६. हे घरगुती कॉम्प्युटर टीव्हीसाठीच बनले होते. टीव्ही सेकंदाला साधारण १५,६०० आडव्या रेघा ओढतो, म्हणून १५.६ किलोहर्ट्झ. ऑफिसातला व्हीजीए मॉनिटर याच्या दुपटीने, ३१ किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होतो. त्यामुळे प्लग बसवून घेतला, पिना जुळवल्या, तरी 'आउट ऑफ रेंज' नाहीतर काळोख. मॉनिटरच्या पुस्तिकेत किंवा पाठीवर आडव्या वारंवारितेचा पल्ला छापलेला असतो. तो ३० पासून सुरू होत असेल तर थेट जोडण्यासाठी तो मॉनिटर उपयोगाचा नाही. पल्ला १५ पासून असेल तर मात्र सोडू नका, असे मॉनिटर मोजकेच आहेत.

जुन्या पीसीचे नऊ पिनांचे हिरवे किंवा पिवळसर मॉनिटर भंगारात दिसतात आणि मन ओढतात. त्यांतले बरेचसे हर्क्युलिस या जुन्या पीसी-कार्डासाठीचे, १८.४ किलोहर्ट्झवर बांधलेले. त्यांना १५.६ चा सिग्नल दिला तर चित्र तर येणार नाहीच, वर आतलं, आडव्या रेघा ओढणारं लाईन सर्किट तापून जळू शकतं. ते त्यांच्या जुन्या पीसीसाठी सांभाळून ठेवा.

मग आपल्याकडे योग्य पडदा मिळतो कुठे? माझा अनुभव सांगते.

सगळ्यात चांगला पडदा मला सराफाकडे मिळाला. जळगावात सोन्याची दुकानं किती आहेत ते वेगळं सांगायला नको. या दुकानांनी कॅमेरे फार लवकर बसवले, आणि तेव्हा कॅमेऱ्याबरोबर यायचे ते नळीचे सीसीटीव्ही मॉनिटर: नऊ इंची, बारा इंची, चौदा इंची, लोखंडी पेटीतले, मागे बीएनसी. पुढे एलसीडी आले आणि जुने मॉनिटर माळ्यावर गेले. पतसंस्था, बँकांच्या शाखा, मोठी कापड दुकानं, सगळीकडे हीच गोष्ट. एका ओळखीच्या सराफांना मी विचारलं, त्यांनी मुलाला शिडी धरायला सांगितली. माळ्यावर हिशेबाच्या जुन्या चोपड्यांच्या मागे बारा इंची काळा-पांढरा मॉनिटर होता. वर बोटभर धूळ.

तो खाली घेतला, ओल्या फडक्याने काच पुसली. उजेडाकडे तिरपी धरली तेव्हा काचेत अधिकचं चिन्ह दिसलं, मधोमध एक उभी रेघ आणि एक आडवी. चार कॅमेऱ्यांचे चार चौकोन वर्षानुवर्षं त्याच जागी दिसत होते, ते फॉस्फरमध्ये, म्हणजे काचेमागच्या चमकणाऱ्या थरात, कोरले गेले होते. उजव्या तळाला तारखेचे आकडेही पुसटसे. हे सीसीटीव्ही मॉनिटरचं ठरलेलं दुखणं आहे. चित्र चालू असताना अशी खूण उजळ भागावर जराशी काळसर दिसते, काळ्या भागावर फारशी जाणवत नाही. माझ्या मते रेघ नखाएवढ्या जाडीची आणि पुसट असेल तर घ्यावा. अर्धा पडदा करडा पडला असेल तर राहू द्यावा.

दुकानात आणून बीबीसी जोडला. चित्र आलं, पण भगभगीत, अक्षरांच्या उजवीकडे पांढरी सावली. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी काही न बोलता मॉनिटर फिरवला आणि मागच्या दोन बीएनसींच्या मधल्या बारक्या सरक-बटणावर बोट ठेवलं. एका बाजूला '७५ ओहम', दुसऱ्या बाजूला 'हाय'. एकाच कॅमेऱ्याची तार एका मॉनिटरमधून दुसऱ्यात न्यायची असेल तेव्हा मधल्या मॉनिटरचं बटण 'हाय'वर ठेवतात आणि शेवटच्याचं ७५ वर. आपल्याला एकच पडदा, म्हणजे तोच शेवटचा. बटण सरकवलं आणि अक्षरं जागेवर बसली, ऐंशी कॉलमची ओळ एकेक अक्षर सुटं वाचता आली. रंगीत टीव्हीवर हीच ओळ एव्हीने पाहिली तर ती भाताच्या शितांसारखी चिकटते. म्हणून माझं ठाम मत आहे: प्रोग्रॅम लिहायचे असतील, मजकूर वाचायचा असेल, तर काळा-पांढरा किंवा हिरवा पडदा घ्या. खेळ खेळायचे असतील तर रंगीत. दोन्ही करायचं असेल तर दोन पडदे ठेवा, आज दोन्ही मिळून एका नव्या मोबाईलच्या कव्हर-चार्जरएवढ्या पैशात येतात. बीएनसीचं एव्हीत रूपांतर करणारी पिन कुठल्याही सीसीटीव्हीवाल्याकडे दहा-वीस रुपयांत मिळते.

दुसरी जागा म्हणजे लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचे जुने स्टुडिओ. प्रत्येक तालुक्याला असा एकतरी होता, मिक्सिंगच्या टेबलावर दोन-दोन टीव्ही मांडलेले. हे लोक रंगाच्या बाबतीत चोखंदळ, त्यांचे टीव्ही चांगल्या प्रतीचे आणि मागे एव्हीची सॉकेटं भरपूर, एस-व्हिडिओही बहुधा असतंच. सोनीचा ट्रिनिट्रॉन मिळाला तर सोडू नका. पडद्यावर आडवी एक-दोन केसाएवढी बारीक रेघ दिसेल, तो बिघाड नव्हे. आतली जाळी थरथरू नये म्हणून ताणलेल्या तारेची ती सावली आहे.

तिसरी जागा शेत. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यातल्या खोल्यांत बॅटरीवर चालणारे चौदा इंची ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही अजून सापडतात, मागे १२ व्होल्टचं सॉकेट. लोडशेडिंगच्या काळात लोक ट्रॅक्टरची बॅटरी लावून बातम्या बघायचे. यांना यूएचएफ नाही, एव्ही नाही. पण केबलवाल्यांकडे जुने मॉड्युलेटर पडून आहेत. २०१२ ते २०१७ मध्ये केबल डिजिटल झाली तेव्हा ते निकामी झाले. त्यात एव्ही द्या, तो व्हीएचएफ चॅनल देतो, टीव्ही खुशीने पकडतो. चित्र जरा मऊ येतं, तरी स्पेक्ट्रमला पुरेसं.

भंगार बाजारात जायचं तर सकाळी जा आणि त्याआधी दोन दिवस निरोप देऊन ठेवा. भंगारवाल्याला पाहिजे असतं ते नळीच्या मानेभोवतीचं तांबं. ते काढताना मान तुटते, हवा आत शिरते, आणि दहा सेकंदांत चांगली नळी संपते. मी धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या एका वखारीत सांगून ठेवलं आहे की न फोडलेला टीव्ही दाखवलात तर तांब्याच्या भावापेक्षा शंभर जास्त देईन. फोन येतो. दर वर्षी कमी येतो, त्याचं मला वाईट वाटतं, कारण या नळ्या आता नव्याने कुणी बनवत नाही.

पारखताना अण्णांचा नियम होता, तो अहिराणीतच सांगते: "पहिले काच देख व माय, मंग भाव इचार." वीज न लावता आधी मागच्या जाळीतून टॉर्च मारा. नळीच्या मानेत आतल्या बाजूला चंदेरी आरशासारखा डाग असतो. तो चंदेरी असेल तर नळी धडधाकट. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो टीव्ही दुरुस्त होणार नाही. मग वीज लावा, मानेत नारिंगी उजेड दिसतो का बघा. चित्र यायला दोन-तीन मिनिटं लागत असतील आणि आलं तरी मळकट असेल तर नळी थकली आहे. आवाज ऐका: आतून चट-चट येत असेल तर एलओटीतून, म्हणजे नळीचं मोठं व्होल्टेज तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून, वीज गळतेय. सलग बारीक शिट्टी येत असेल तर ती १५.६ ची, लाईन सर्किट जिवंत असल्याची खूण. ही शिट्टी वयाबरोबर ऐकू येईनाशी होते. अण्णांना येत नाही, मला आता पुसट येते, माझी नऊ वर्षांची लेक मात्र शेजारच्या खोलीतून सांगते की टीव्ही चालू राहिला आहे. म्हणून खरेदीला जाताना मी तिला बरोबर नेते. चित्र नाही पण लेक म्हणते शिट्टी आहे, तर तो टीव्ही बहुतेक वेळा दुरुस्त होतो.

चाचणीला आपला जुना कॉम्प्युटर घेऊन हिंडू नका. त्याऐवजी पिशवीत ठेवा कॅसेटवाला व्हिडिओ गेम, नव्वदच्या दशकात जत्रेत, बाजारात मिळायचा तो. तो पाल असतो आणि त्याचा सिग्नल आपल्या कॉम्प्युटरच्याच जातीचा. टीव्हीवरचं नेहमीचं प्रसारण एकदा विषम रेघा ओढतं, एकदा सम. हे खेळ आणि हे कॉम्प्युटर दर वेळी त्याच त्या रेघांवर चित्र काढतात. नव्या एलसीडीला नेमकं हेच कळत नाही, तो दोन चित्रं एकमेकांत विणायला जातो आणि चित्राच्या कडा थरथरतात. व्हिडिओ गेम ज्या पडद्यावर स्वच्छ दिसतो त्यावर तुमचा स्पेक्ट्रम, कमोडोर स्वच्छ दिसेल. पडदा पूर्ण पांढरा करून बघा. कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग असेल तर घाबरू नका, शेजारी स्पीकर ठेवला होता का विचारा. टीव्ही बंद करून अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या आणि मग परत लावा. लावतानाच आतली कॉइल चुंबकत्व काढते, पण तिचं सर्किट गार असेल तरच ती काम करते. दोन-तीनदा असं करून डाग गेला नाही तर भाव पाडा किंवा सोडा.

नळीचा टीव्ही ठेवायला जागाच नसेल, घरात आवडत नसेल, तर एलसीडीचाही मार्ग आहे, फक्त नीट निवडावा लागतो. रुंद पडदा टाळा. चौकोनी, १५ ते २० इंची जुने मॉनिटर ऑफिसं बदलतात तेव्हा ढिगाने निघतात. त्यांतल्या काहींना पिवळं एव्ही सॉकेट असतं. डेलचा २००७एफपी हा वीस इंची त्यातलाच, त्याला एस-व्हिडिओही आहे. नुसतं व्हीजीए असेल तर मधे जीबीएस-८२०० नावाचा बोर्ड लावायचा. तो १५.६ च्या आरजीबी सिग्नलचा व्हीजीए करतो. जसा येतो तसा जरा धूसर दाखवतो. त्याला ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप जोडून जीबीएस-कंट्रोल हे फुकट सॉफ्टवेअर चढवलं की तोच बोर्ड ओळखू येत नाही इतका सुधारतो. बीबीसीला जोडताना मात्र तारांत रेझिस्टर घाला: त्याचं आरजीबी डिजिटल पातळीचं आहे आणि या बोर्डाला ०.७ व्होल्टच पाहिजे. बीबीसीवाल्यांसाठी त्याहून चांगला मार्ग आरजीबीटूएचडीएमआय हा अडॅप्टर, रास्पबेरी पाय झिरो या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर चालणारा. एकेक ठिपका मोजून दाखवतो. बाजारातला दोन-तीनशे रुपयांचा एव्ही-टू-एचडीएमआय डबा तात्पुरता वापरायला ठीक. चाव्या दाबल्यावर अक्षर किंचित उशिरा उमटतं, खेळात ते फार जाणवतं.

स्पेक्ट्रमला एव्ही नाही, त्याचा उपाय आहे. आतल्या पत्र्याच्या डबीत, म्हणजे मॉड्युलेटरमध्ये, दोन तारा जातात, एक पाच व्होल्टची, एक व्हिडिओची. दोन्ही सोडवून व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून थेट बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला द्यायची, सॉकेटकडे आतून येणारा रेझिस्टर आधी सोडवून. मी काही कापत नाही, सोडवलेली टोकं टेपने गुंडाळून आतच ठेवते, म्हणजे कधी मूळ रूपात आणायचा झाला तर येईल. आणि त्याचा ॲडाप्टर ९ व्होल्टचा, पण मधली पिन ऋण. बाजारातले बहुतेक ॲडाप्टर याच्या उलट. दादांना ही गोष्ट मी कागदावर लिहून, कागद ॲडाप्टरलाच चिकटवून दिला.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. टीव्हीला एव्ही नसेल तर घरी भोक पाडून एव्ही बसवायला जाऊ नका. अनेक जुन्या टीव्हींच्या किटचं, म्हणजे आतल्या बोर्डाचं, ग्राउंड थेट मेनशी जोडलेलं असतं. ते ग्राउंड सॉकेटवर आलं म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रत्येक उघड्या धातूवर २३० व्होल्ट. कारखान्यातूनच एव्ही असलेला टीव्ही घ्या, किंवा १२ व्होल्टवाला खरोखर बॅटरीवर चालवा, किंवा चायना किट (मूळ बोर्डाऐवजी तयार मिळणारा बोर्ड) बसवून घ्यायचं तर ज्याने आयुष्यभर हे काम केलं त्याच्याकडूनच बसवून घ्या. मागचं झाकण उघडू नका. रंगीत नळीवर लाल टोपीखाली वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथे बसून राहतात. अण्णांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ पांढरा व्रण आहे, तो १९८९ चा. स्क्रू-ड्रायव्हर घसरला होता, ते पाठीमागच्या कपाटावर आदळले होते. तेव्हापासून ते टीव्ही उघडताना एक हात पाठीमागे ठेवतात, मीही तसंच करते.

आपल्याकडचा उन्हाळा या यंत्रांवर फार कडक. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. या तापण्या-गार होण्याने एलओटीच्या पायांचं सोल्डर गोल तडकतं, चित्र मधूनच आकसतं नाहीतर बंद पडतं. घेतल्यावर पहिलं काम म्हणून कारागिराकडून ते सोल्डर नवं करून घ्या, वीस मिनिटांचं काम आहे. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, कॉम्प्युटर आणि पडदा दोन्ही त्यावरच. भर दुपारी सलग तासापेक्षा जास्त चालवू नका, संध्याकाळ बरी.

आणताना काच नेहमी मऊ आणि सपाट गोष्टीकडे. मोटारसायकलवर बांधून आणू नका, मानेला हिसका बसतो. मी चौदा इंची गोधडीत गुंडाळून एसटीने आणते. खिडकीच्या सीटवर काच पाठीकडे करून ठेवायचा, कंडक्टरकडून सामानाचं तिकीट घ्यायचं आणि स्वतः शेजारी बसायचं. एकवीस इंचीला रिक्षा करा, वीस किलोच्या पुढे वजन आहे आणि सगळं पुढच्या बाजूला.

पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी अर्धा तास लावा, आत ओल धरत नाही. चोपड्याचे दादा रविवारी सकाळी लावतात. सराफाकडचा तो बारा इंची मी त्यांनाच दिला, आणि स्पेक्ट्रममधून व्हिडिओची तार बाहेर आणून दिली. परवा त्यांनी फोटो पाठवला: शेजारच्या दोन मुलांच्या मांडीवर स्पेक्ट्रम, पडद्यावर त्यांनी स्वतः लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्रॅम, सतराच्या पाढ्यावर थांबलेला. अधिकच्या चिन्हाची ती रेघ फोटोत शोधूनही दिसली नाही.